कात्रीची रेघ

माझ्या तिकिटांच्या वहीतल्या एका पानाला अजून डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, आणि अमडापूरच्या आत्याची लोखंडी पेटी आठवते. तिच्या तळाशी मला दोन जुनी, न वापरलेली टपाल तिकिटं दिसली होती. छपाईत त्यांच्यामधली छिद्रांची रांग पडायचीच राहून गेली होती, म्हणून ती एकमेकांना जोडलेलीच होती. अशी जोडी मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. मी ती मागितली. आत्या म्हणाली, घरात विचारते, बाजाराच्या दिवशी ये. गेलो, तेव्हा ओसरीभर मिरच्या वाळत होत्या आणि ठसक्याने डोळ्यांत पाणी येत होतं. आत्याने माझ्या तळहातावर तिकिटं ठेवली, दोन, सुटी. "काऊन कापली आत्या?" "चिकटूनच होते ना. कैचीनं सोडवून ठेवले तुह्यासाठी." जोडलेली होती म्हणूनच ती दुर्मीळ होती, हे मी तीनदा समजावलं. ती शांतपणे म्हणाली, "मंग डिंकानं चिकटव." मी चहा तसाच ठेवून उठलो. आज भिंगाखाली ती रेघ पाहतो. इतकी सरळ आहे, की तिने श्वास रोखून कापलं असणार. रागवावं तरी कोणावर, या विचाराने अजून चिडचिड होते.