होडीतली हजेरी

"वायच थांबा. कोणतरी येता हा."

होडी भरलेली, माणसं घड्याळं बघतायत, आणि हा गृहस्थ वल्हं टेकून माडांमधल्या वाटेकडे बघत उभा. वाटेवर चिटपाखरू नसायचं. आम्ही कुरकुरायचो. तेवढ्यात खरंच एखादी म्हातारी काखेत कोंबडी धरून धापा टाकत यायची, आणि तो आमच्याकडे न बघता होडी ढकलायचा. कधीकधी कोणीच येत नसे. तेव्हाही तो ओशाळायचा नाही. "येवचा नाय वाटता," एवढंच म्हणायचा.

खाडीच्या अलीकडे आमचं गाव, पलीकडे शाळा आणि माझं पोस्ट. पुलाचं भूमिपूजन दोनदा झालं होतं, पूल एकदाही नाही. त्यामुळे आम्ही सगळे या माणसाच्या हवाली. ज्याच्या संथपणाचा राग येतो आणि ज्याच्यावाचून पानही हलत नाही, असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल.

त्याची बायको बरोबर उलटी. सोलकढीत मीठ विरघळेपर्यंत तिला धीर नसे. यांचं जमतं कसं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "एकान धावाचा, एकान थांबाचा. दोघांनी धावल्यार घराकडे कोण रवतलो?"

त्यांची एकुलती एक मुलगी दर्शना. हुशार पोर, पण बोलताना अडखळायची. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अडून बसायचा. होडीत मी तिला काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागे. बाप वल्हं मारत राही, मध्ये शब्द पुरवत नसे. मला मात्र राहवायचं नाही, मी तिचं वाक्य पुरं करून टाकायचो. तेव्हा तो माझ्याकडे असा बघायचा की मी पाण्याकडे बघू लागायचो.

ती पाचवीत गेली त्या वर्षी एका संध्याकाळी तो माझ्या पडवीत येऊन बसला. मग म्हणाला, "उद्या शाळेत चला माझ्यावांगडा. माका हापिसातला मराठी येणा नाय."

झालं होतं असं. वर्गावर नव्या बाई आल्या होत्या, घाटावरच्या. हजेरी घेताना दर्शनाचं नाव आलं की त्या नुसतं तिच्याकडे बघायच्या, हजेरी मांडायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या. पोर रोज घरी येऊन सांगायची, "बाबा, आज पण माका हाक मारूक नाय." पुढे सांगायचीही बंद झाली. घरातही बोलेना. त्या सकाळी शाळेच्या वेळेला ती गोठ्यात गवताच्या भाऱ्यांमागे लपून बसलेली सापडली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. शाळेचं मोठं हत्यार म्हणजे ऑफिसबाहेरचं बाक. भल्याभल्या पालकांची रग त्या बाकावर जिरते. त्याची बायको दोनदा उठली, मी चारदा. तो मात्र स्वतःच्या खळ्यात बसल्यासारखा बसला होता. शिपायालाच शेवटी चुकल्यासारखं होऊन त्याने आत वर्दी दिली.

वाटेत त्याने वाक्य घोकलं होतं. "सर, आमची मुलगी वर्गात असते."

"असते की," हेडमास्तर म्हणाले. "रोज हजेरी लागते तिची."

"लागते. पण हाक मारत नाहीत."

हेडमास्तरांनी, हे काय बोलतायत, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. बाईंना बोलावणं गेलं. बाई आल्या त्याच मुळी दुखावल्यासारख्या.

"अहो, मी तिच्या भल्यासाठीच करते. ती अडखळली की मुलं हसतात. तिलाच वाईट वाटतं ना?"

"हसणाऱ्यांका गप करूचा सोडून माझ्या चेडवाक गप करतास?" त्याची बायको कडाडली.

"हे बघा, आवाज चढवू नका," हेडमास्तर म्हणाले. "वर्गात एवढी मुलं. एकेकासाठी थांबत बसलो तर शिकवायचं कधी? अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात. चौकशी करा."

घोकलेलं मराठी संपलं होतं. तो हात जोडून म्हणाला, "ता बोलता, गुरुजी. वायच वेळ लागता. तुमी हाक मारा आणि थांबा. आमका आणखी काय नको."

"बघू."

'बघू' म्हणजे काय, ते मी पोस्टाच्या खिडकीत रोज सांगत असल्यामुळे मला नीट ठाऊक होतं.

तरी तो जात राहिला. दोन खेपांच्या मध्ये जाऊन त्या बाकावर बसायचा. शिपाई त्याला चहा देऊ लागला आणि हेडमास्तर मागच्या दाराने जाऊ लागले. गावात सगळ्यांना एकच उपाय सुचत होता, कारण बाईही आमच्याच गावात भाड्याने राहायच्या आणि याच होडीतून जायच्या. "एक दिवस ठेवा तिका तडीर," बायको म्हणाली. "कळू दे."

"थांबणा माझा काम," तो म्हणाला. "सोडून जाणा नाय."

त्या आठवड्यात बाईंना उशीर झाला, तेव्हाही तो वाटेकडे बघत उभा राहिला. मला, खरं सांगतो, त्याचा संताप आला.

मग एका सकाळी पोरं होडीत बसल्यावर त्याने सुटण्याआधी एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. पोरांना गंमत वाटली. "आसंय!" "आसंय!" नुसता कल्ला. मग तो म्हणाला, "दर्शना."

होडी गप्प झाली. एक कारटं फिसकन हसलं. त्याने वल्हं आडवं ठेवलं. ओहोटी लागली होती, बाई घड्याळ बघत होत्या, मलाही पोस्ट उघडायचं होतं. पोरीचा चेहरा लाल झाला, हात फळीवर घट्ट. बाप रोजच्या त्या वाटेकडे बघावं तसा तिच्याकडे बघत होता.

"आ... आसंय."

त्याने वल्हं उचललं. शाबासकी नाही, काही नाही. "पोस्टमास्तर," म्हणाला. मी मुकाट्याने "आसंय" म्हणालो. "बाई." बाई कोरडेपणाने म्हणाल्या, "हजर."

हे रोज चाललं. आधी पोरांचं हसणं गेलं, मग आमचं घड्याळ बघणं. पुढे पुढे तिला वेळ लागतोय हे कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

त्यानंतरचं मला बाईंनीच सांगितलं, परतीच्या होडीत, अर्धवट चिडून आणि अर्धवट हसून. त्या दिवशी हजेरीत त्यांनी नेहमीसारखं दर्शनाला गाळून दीक्षाचं नाव घेतलं. दीक्षा होडीतली. ती बोलेना. पुन्हा घेतलं, तरी नाही. पुढची नावं घेतली, तर होडीतलं एकही पोर बोलेना. बाईंना वाटलं, घरून शिकवून पाठवलंय. पण दीक्षाच गोंधळून म्हणाली, "बाई, दर्शनाचा नाव रवला. होडी सुटाची नाय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? घेतलं नाव. थांबले."

तो ऐकत होता. त्या दिवशी वाटेवर कोणी नसताना होडी जरा जास्तच वेळ थांबवली.

पुढे पूल झाला. होडी माडाखाली उपडी पडली आणि वर्षभरात तोही गेला. मुलगी तोवर कॉलेजात पोचली होती.

अस्थी खाडीच्या तोंडाशी सोडायच्या म्हणून तीच होडी पुन्हा पाण्यात घातली. जुनी पोरं आली, आता मिशा फुटलेली. दीक्षा आली, मी होतो, आता पलीकडे राहायला गेलेल्या बाईही पूल ओलांडून आल्या. वल्हं त्याच्या पुतण्याने धरलं. तो ढकलणार, तेवढ्यात दर्शना कलश मांडीवर घेऊन एकेकाचं नाव घेऊ लागली. एकेका नावाला वेळ लागत होता. समोर बसलेला प्रत्येक जण आपलं नाव ओळखत होता, पण ते पुरं झाल्याशिवाय कोणी "आसंय" म्हणालं नाही. माझी पाळी आली तेव्हा माझ्याच तोंडून शब्द लवकर फुटेना.

शेवटी ती बाईंकडे वळली. 'ब' तिला पहिल्यापासून जड. ओठ मिटले ते उघडेनात. ओहोटी लागली होती. पुतण्याने वल्हं आडवं ठेवलं. बाई तिच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या, तिच्याकडे बघत.

"बाई."

"आसंय," बाई म्हणाल्या.