संत्र्याच्या सालीला कोकमाचं पुट

खैरुद्दीन रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा. शारजात एकोणीस वर्षं फरश्या कापल्या आणि मग खोकल्यामुळे दुबईतल्या रास अल खोरच्या फळबाजारात संत्री निवडायला लागला. फरशीची धूळ छातीत घर करून बसली होती, पण हे तो स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हता. दोन महिन्यांवर व्हिसाची मेडिकल आली होती. एक्स-रेत डाग दिसला की थेट गावची वाट, आणि गावी बायको हव्वाबी नि लेक दुआ त्याच्या एकट्याच्या जिवावर.

औषधाचा नाद लावला एका चिनी गिऱ्हाइकानं. मिसेस लिन संत्री घ्यायला यायच्या. एकदा त्याचा खोकला ऐकून त्यांनी थर्मासमधला जुन्या सालीचा काढा पाजला. छाती मोकळी झाल्यासारखी वाटली आणि खैरुद्दीन पेटलाच.

साल वाळवून तीन वर्षं ठेवायची, इतकंच त्यांनी सांगितलं होतं. पण कोकणातल्या माणसाला साल वाळवायला कोणी शिकवायचं! गच्चीवर त्यानं साली मीठ घातलेल्या संत्र्याच्याच रसात बुडवल्या, उन्हात टाकल्या, पुन्हा बुडवल्या. कोकमाला देतात तशी चार पुटं दिली. तीन वर्षं थांबायला वेळ कुठला? रोज उपाशीपोटी काढा घेतला, तरी खोकला हटेना. शेवटी आठवडा उरला तेव्हा तो डबा घेऊन मिसेस लिनकडे गेला.

त्यांनी तुकडा चाटून पाहिला. "नमक? क्यूं?"

"हमारे गांव में ऐसाच करते, मॅडम."

"ये तो अचार है," त्या हसल्या. तेवढ्यात त्याला उबळ आली. त्या थांबल्या. "पहले क्या काम?"

"टाइल कटिंग. नाइन्टीन इयर्स."

त्यांनी स्वतःचा डबा उघडलाच नाही. "हबीबी, मेरा दवा कफ का. पत्थर का नहीं."

खैरुद्दीन आपला डबा उचलून निघाला. पण चिडला तो मिठावर. मीठ घातलं नसतं तर, असं दोन दिवस घोकत राहिला बिचारा. चूक मिठाची असली तर ती सुधारता तरी येणार होती.

हव्वाबीचा फोन आला. "दवा लागू पडली का?"

"नवीन साली घातल्यात उन्हात. बिनमिठाच्या."

"मग कधी तयार होतील?"

"तीन वर्षांनी. इन्शाल्ला."

मेडिकल सोमवारी होती.