हिरव्या दगडांचे मामा

हिरवा दगड दिसला आणि माझ्या बायकोचे मामा सरळ पुढे निघून गेले, असं पाहिलेला माणूस अख्ख्या पुण्यात सापडणार नाही. कोथरूडमध्ये कुठेही इमारतीचा पाया खणायला घेतला, की बिल्डरच्या आधी मामा खड्ड्यात. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या पोकळीत कधी कधी हिरवे स्फटिक निघतात, त्यांच्यासाठी. एकदा वॉचमन वरून म्हणाला, "काका, वर या, साहेब ओरडतील." मामा म्हणाले, "हा कोट्यवधी वर्षं इथे बसलाय. साहेबांना म्हणावं, दोन मिनिटं बसा."

नुसत्या रंगावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. दगड आधी धुवायचा, मग नखाने आणि सुरीने ओरखडायचा, टाइलच्या खडबडीत पाठीवर घासून भुकटीचा रंग बघायचा आणि शेवटी लिंबू पिळून फसफसतोय का, ते कान लावून ऐकायचं. टोमॅटो कापेल अशी एक सुरी घरात उरलेली नाही. शेजाऱ्यांनी गडावरून मोठ्या कौतुकाने 'पाचू' आणला, तो मामांनी नळाखाली धरला. सगळा पाचू मोरीतून वाहून गेला. "शेवाळ होतं," मामा म्हणाले. "दगड मात्र उत्तम आहे. लोणच्यावर ठेवा."

मामी गेल्यापासून घरी ते आणि त्यांची लेक. गेल्या वर्षी तिने खराडीच्या ऑफिसातला एक मुलगा पसंत केला. मुलाची आई भारी मानी, मानपानावरून बैठक एकदा मोडता मोडता राहिली होती. साखरपुड्यात त्यांनी स्वतःची अंगठी काढून पोरीच्या बोटात घातली.

"आमच्या ह्यांनी दिलेला पाचू आहे," त्या मामांना म्हणाल्या. "आपण जाणकार, बघा तरी."

मामांच्या खिशातून भिंग निघालं. दगडाबद्दल खोटं बोलणं या माणसाला जन्मात जमलेलं नाही. लेक श्वास रोखून बापाकडे बघत होती. मामांनी पाहिलं, भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं.

"अस्सल पाचू. जपून वापर हो," ते लेकीला म्हणाले.

परतताना रिक्षात मी हळूच विचारलं.

"काच आहे, जावईबापू. आत बुडबुडे दिसतात."

"आणि तुम्ही चक्क खोटं बोललात?" मला हसू आवरेना.

मामा हसले नाहीत.

"भिंग पुसत होतो ना, तेव्हा क्षणभर वाटलं, खरं सांगून टाकावं. पोर घरी राहिली असती."