हात उचलले तरी वाजतच होतं

मी चुकली होती. साफ चुकली होती. पाळण्याच्या दुसऱ्या ओळीत कीबोर्डवरचं बोट घसरलं आणि शेजारची पट्टी दाबल्या गेली. पण नागपुरातल्या सदर भागातल्या त्या एसी हॉलमधल्या स्पीकरातून सूर बरोबर आला. मले वाटलं, भास झाला. म्हणून मी मुद्दाम अजून एक चुकीची पट्टी दाबली. पाळणा बरोबरच वाजला.

मी एक हात उचलला. मंग दुसराही. पाळणा वाजतच होता.

स्टेजवर मी बसलेली, हात मांडीवर, आणि माहं वाजवणं चालू. आधी मागचे पोट्टे हसले. मंग अख्खा हॉल हसला. त्या हसणाऱ्याईत माही आई बसून होती.

तवा मी नववीत होती. आमची वस्ती कोराडीची, वीज केंद्राजवळची. बाबा ठेकेदाराकडे राख भरायच्या कामावर. दर रविवारी नागपूरच्या एका कॉलेजचे पोट्टे-पोट्ट्या आमच्या बुद्धविहारात गिटार अन् कीबोर्ड शिकवाले येत. फुकट. त्यातली ईशाताई माही. माही हे मी मुद्दाम म्हणते. मले पहिल्यांदा पाळी आली तर आईच्या आधी मी तिले फोन केला होता. दहावीनंतर काय करायचं तेही तीच सांगे. ती म्हणाली असती विहिरीत उडी मार, तर मी पाणी किती आहे हेही विचारलं नसतं.

तो पाळणा आईचा. आमच्याकडे बारशाले बाया विहारात बसून म्हणतात, आईचा आवाज त्यात सगळ्याईच्या वर. मले तो कोणी शिकवला नव्हता. एकेक पट्टी शोधून मीच बसवला. घरी कीबोर्ड नाही, तर पाट उलटा घालून त्याच्यावर बोटं चालवायची. ताईनं ऐकला आणि म्हणाली, "आपल्या वर्गाच्या कार्यक्रमात हाच वाजव."

आईनं कार्यक्रमाच्या दिवशी कामाचा खाडा केला. ठेवणीतली पांढरी साडी नेसली आणि बसनं सदरले आली. तिले दुसरं काही नको होतं. आपला पाळणा पोरीच्या हातून ऐकायचा होता, बस.

आणि हॉलमध्ये जे वाजलं ते ताईनं स्वतः वाजवून लॅपटॉपात भरून ठेवलं होतं. माह्या कीबोर्डचा आवाज बंद. स्टेजवर आपला आवाज वेगळा ऐकू येत नसतो, असं तिनंच सकाळी मले सांगितलं होतं. मी मानलं. मी तिचं सगळंच मानत होती.

पडद्यामागं तिनं माहा दंड धरला. "हात का काढलेस? सगळे हसले ना."

"तुमी माहा आवाज काहून बंद केला?"

"अगं, तुझ्यासाठीच. तू अडखळली असतीस, वर्गाला पैसे देणाऱ्या पाहुण्यांसमोर आपलं नाव गेलं असतं." मंग पाठीवर हात ठेवून, हळूच म्हणाली, "तुझ्या लक्षात येईल असं वाटलंच नव्हतं मला."

माह्या लक्षात. येईल असं. वाटलंच नव्हतं.

पाठीवरचा तिचा हात मी झटकला. परक्यानं मारलं तर माणूस रडून मोकळा होते. हिले मी आपली मानली होती. हिनं मले फसवलं, आणि तेही बिनडोक समजून.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली. मानकापूरचा थांबा गेल्यावर म्हणाली, "मंग तुले मी कवा ऐकू वं?"  

पुढच्या रविवारी ताई विहारात आली, नेहमीसारखी चॉकलेटं घेऊन. वस्तीतले सगळे जमले होते. ती म्हणाली, ते पाहुणे नाराज आहेत, कार्यक्रमाचा व्हिडिओ पुन्हा घ्यावा लागेल. वाजेल लॅपटॉपच. मी नुसते हात फिरवायचे आणि शेवटी हसून थँक्यू म्हणायचं. नाहीतर वर्ग बंद.

बाबा म्हणाले, "कर ना वं. फुकट शिकवून राहिले ते. हात फिरवाले काय जाते?"

काय जाते. माहं सगळंच जात होतं. मी उठून उभी राहिली. 

"वाजवीन तर माहं वाजवीन. चुकलं तर चुकलं. नुसते हात मी फिरवणार नाही."

"मग तुझ्यामुळे सगळ्यांचं नुकसान होईल," ताई म्हणाली.

"नुकसान तुमी केलं. माह्यावर नका ढकलू."

त्याईनं कीबोर्ड अन् गिटार गाडीत भरले आणि गेले. वर्ग बंद झाला. वस्तीतले पोट्टे अजूनही टोमणे मारतात, हिच्या अंगात मस्ती होती म्हणतात. ताईनं मंग फोन केला नाही. मीही नाही. खोटं काहून बोलू, तिची आठवण येते. आली की राग दुप्पट होते.

आता मी एका दुकानात काम करून कॉलेज करते. फुकट देणारे भेटतच राहतात, गोड बोलणारे. मी पहिले विचारते, आवाज कोणाचा राहीन? जो उत्तर द्याले इकडंतिकडं पाहते, त्याच्या स्टेजवर मी पाय ठेवत नाही.

आईले पाळणा ऐकवणं राहूनच गेलं. घरी अजून कीबोर्ड नाही. कोणी आणून देल्ला तरी मी घेणार नाही, माह्या पगारातून घेईन. मंग आईसमोर बसून मी चुकीन, पुन्हा वाजवीन, पुन्हा चुकीन. पण त्या पाळण्यावर दुसऱ्या कोणाचा हात मी पडू देणार नाही.