ज्याची ओळ त्यानं फेरावी

बाजारात मडकं घेताना आपण सगळेच ते बोटाच्या पेरानं वाजवून पाहतो. मावशी सगळंच वाजवून पाहायची. भिंत, दार, कलिंगड. आवाज पटला की म्हणायची, "जित्ता हाय." नाही पटला तर, "गेला." पहिल्या भेटीत तिनं माझ्या टाळक्यावर पेर आपटलं आणि म्हणाली, "कच्चाच हाय अजून." मी तेव्हा चाळिशीला आलो होतो.

सालेकशाकडच्या आमच्या गावात ती अंगणवाडीची बाई, सगळ्या गावाची मावशी. अंगणवाडी भरायची आमच्या शेतातल्या घराच्या ओसरीवर. घर माझ्या मालगुजार पणजोबांचं. दुष्काळात ज्यांच्या चुली विझल्या त्यांनी माती तुडवली, भिंती घातल्या आणि मजुरीचं धान घरी नेलं. गावातल्या प्रत्येक घराचे पाय त्या मातीत होते. मावशीच्या आजीचेही. भिंती उभ्या झाल्यावर मात्र त्या आजीला जातीमुळे ओसरी चढता आली नाही. आता तिची नात तिथंच बसून पोरांना गाणी शिकवत होती.

मी गोंदियाजवळ फुलचूरला वाढलो. वडील गेल्यावर घर माझ्याकडे आलं आणि पाठोपाठ गोंदियाचा एक सेठ आला. त्याला गोदामासाठी मोकळी जागा हवी होती. "पहले मकान गिराओ, फिर बात करेंगे."

गावादेखत घर पाडायची माझी छाती नव्हती. जे मी आजवर एका माणसाखेरीज कुणाला सरळ सांगितलं नाही ते इथं सांगतो. उन्हाळ्यात सारं गाव एका लग्नाला गेलेलं असताना, बाहेरचा मजूर आणून मी आढ्याजवळचे कवेलू, म्हणजे मातीची कौलं, उतरवले; खालचे निम्मे आधीच फुटलेले होते. मातीचं घर पाडावं लागत नाही. डोकं उघडं ठेवलं की पाऊस पाडतो, आणि पावसाला कोणी जाब विचारत नाही.

गावानं छप्पर पाहिलं आणि ठरवलं, माकडं. मीही मान हलवली. "माकडांनी फार नासधूस केली."

मावशीनं मात्र माणसं गोळा केली. "घर पडून राहिलं, अन् तुमी पाहत कायले बसले?"

सरपंच म्हणाला, "मावशी, ज्या घरानं तुह्या आजीले वर घेतलं नाही, त्याच्यासाठी काऊन जीव काढून राहिली?"

"घरानं नाही अडवलं, माणसानं अडवलं. ते माणसं गेले. भिंत माह्या आजीची हाय. पाडाची असंल तर मले विचारा."

कोणीच विचारलं नाही.

तोवर गावावर टिनपत्रे आणि स्लॅब चढले होते. जुने कवेलू घराघरामागं पडून होते. मावशी दारोदार फिरली, एकेक वाजवून पाहिला आणि गावानं टोपल्यांनी वाहून आणले. सगळ्यांनी मिळून एकच ढीग केला आणि हाताला येतील तसे छपरावर चढवले. तिथंच फसलं. हातानं घडवलेले कवेलू, घराघराचं माप वेगळं; एकावर एक बसेनात. अवकाळी पाऊस आला आणि पोरांच्या खिचडीत धार लागली. मग सुरू झालं, "तुमच्या मोहल्ल्याचेच वाकडे!" "अन् तुमचे का सोन्याचे?"

मावशीनं सगळे उतरवले. "एका घराचे एका ओळीत. ज्याची ओळ त्यानं फेरावी, दरसाल." फेरणं म्हणजे पावसाळ्याआधी कवेलू काढून, फुटके बदलून पुन्हा बसवणं. तेव्हापासून गळतीलाही नाव मिळालं. ओसरीवरून पोरं ओरडायची, "सरपंच गळून राहिला!" की सरपंच शिडी घेऊन हजर.

तरी आढ्याजवळची जागा उघडीच राहिली. गावातले चांगले कवेलू संपले होते. पावसाळा तोंडावर होता आणि माकडांचं नाव घेत राहणं मला आता जमेना.

मी मावशीला ओसरीवर गाठलं. "मावशी, माकडं नव्हती. मी होतो."

तिनं माझ्या टाळक्यावर पेर आपटलं, नेहमीपेक्षा जोरात.

"फोडले का ठेवले?"

"बैलांच्या कोठ्यात रचून ठेवलेत."

"तेवढी अक्कल उरली म्हणाची."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ती म्हणाली, "बापाहो, माकडांनी आपले कवेलू कोठ्यात नेऊन रचून ठेवले हाय. एकावर एक, नीट. असे शिकलेले माकडं कोणी पाहिले का?"

आधी सरपंच हसला आणि हसणं शेवटच्या माणसापर्यंत गेलं. मी खाली मान घालून ते कवेलू घेऊन शिडी चढलो; आढ्याजवळची ओळ माझी झाली. त्या दिवसापासून गावात माझं काय नाव पडलं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

सेठ पुन्हा आला. "मकान तो अभी खड़ा है!"

"खडाच राहील, सेठ. चाय पियो. कोरी हाय," मावशी म्हणाली.

मी सेठला नाही म्हणालो. वाटलं होतं तेवढं ते जड गेलं नाही.

पुढं दर उन्हाळ्यात मी माझी ओळ फेरायला येत राहिलो. मावशी खाली उभी राहून प्रत्येक कवेलू वाजवायची आणि वर द्यायची. एका हिवाळ्यात ती गेली. त्या उन्हाळ्यात सगळे जमले, शिड्या लागल्या आणि तिची ओळ तशीच राहिली. मागं तिचं कोणी नव्हतं. मी न विचारता चढलो.

तिचे कवेलू एकेक वाजवून पाहिले. एक फुटका निघाला. त्याच्या जागी माझ्या ओळीतला जास्तीचा एक बसवला. माप जमत नव्हतं. कडा घासून घासून बसवला.

आढ्यावरून मी खाली ओरडलो, "इथं गळलं तर माझं नाव घ्या. मावशीचं नाही!"

"तुहं कायले?" खालून सरपंच ओरडला. "माकडांचं घेऊ!"