घरजावई, उचकी आणि न लिहिलेलं पान

शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्याचं दुकान इतकं अरुंद होतं की दोघं कामाला बसले, तर उठताना एकाला दुसऱ्याला सांगावं लागे. पुष्कळ वर्षं तिथे दोघं होते, तो आणि त्याचा धाकटा भाऊ. आता सांगायला कुणी नव्हतं. तरी उठताना तो क्षणभर थांबत असे.

भावाभावांनी मशिनींच्या दुखण्यांना आपली नावं ठेवली होती. टाका मध्येच सुटला, की 'उचकी'. कापड दाबलं जाऊन पुढे सरकेना, की 'सासूचा पाय'. चाक गरगर फिरतंय, आवाज भरपूर, पण सुई जागची हलत नाही, तो 'घरजावई'. गिऱ्हाइकासमोर थोरला नुसतं म्हणे, घरजावई आहे रे, आणि धाकटा चाकाचा स्क्रू आवळायला घेई. गिऱ्हाइकाला वाटे, यांच्या घरचं काहीतरी चाललंय.

बहुतेक नावं धाकट्याची. एक नाव तो थोरल्याच्या पाठीमागेच वापरी. शिवण वरून सरळ रेघेसारखी आणि कापड उलटून पाहावं तर खाली दोऱ्याचं जंजाळ. त्याला तो म्हणे, 'दादाचं डोकं'. थोरल्याला हे केव्हाच कळलं होतं. कळलंय हे मात्र त्याने कळू दिलं नव्हतं.

मग एका दुपारी असाच खाली गुंता करणारं मशीन परत आलं. धाकट्याने ते दुरुस्त करून दिलं होतं. गिऱ्हाईक बोलायच्या आधीच थोरला बोलला, की हातच खराब आहे याचा. दुकान भरलेलं होतं. धाकट्याने स्क्रूड्रायव्हर पुसला, जागेवर ठेवला आणि तो निघून गेला. आपटला असता तर बरं झालं असतं, असं थोरल्याला पुढे कितीदा वाटलं. आपटणारा माणूस परत येतो. धाकट्याने गाव बदललं, नंबर बदलला. आई गेली तेव्हा निरोप कुठे धाडायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

थोरल्याच्या लेकीने तिचा जुना कॉम्प्युटर दुकानात आणून ठेवला, तेव्हा तिला वाटलं होतं की बाबा हिशेब लिहितील. बाबांनी विचारलं, आपल्याला माहीत असलेलं लिहून ठेवायचं असेल तर? तिने त्याला विकी करून दिला. एकेका गोष्टीचं एकेक पान, आणि पानातल्या शब्दाला बोट लावलं की त्या शब्दाच्या पानावर जायची वाट. तो दोन बोटांनी लिहू लागला. 'उचकी'तून 'बोथट सुई'कडे वाट गेली, 'बोथट सुई'तून 'जाड कापड'कडे. नावं त्याने जुनीच ठेवली. धाकटा कुठेतरी मशीनपुढेच बसला असेल, त्या हातांना दुसरं काय येतंय. कधीतरी एखादं मशीन अडेल, सहज जुना शब्द लिहून बघेल, आणि हे पान वर येईल. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. 'दादाचं डोकं' हे पान मात्र त्याने लिहिलं नाही.

वर्षं गेली. कुणी आलं नाही. एकदा त्याने स्वतःच फोनवर 'घरजावई' शोधून पाहिलं. जगातले सगळे घरजावई निघाले, त्याचा सोडून. शेवटी त्याने लेकीला विचारलं. तिने सेटिंग उघडली आणि डोक्याला हात लावला. अगदी सुरुवातीला विकीने विचारलं होतं, शोधयंत्रांपासून लपवायचं का? घरातल्या गोष्टी म्हणून त्याने हो म्हटलं होतं.

"बाबा, शटर आतून ओढून घेतलंत आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून बसलात?"

तो हसला. म्हणजे इतकी वर्षं हाक मारली ती तोंडावर हात ठेवून.

लेकीने ती लपवायची खूण काढली. सगळ्या पानांची यादी शोधयंत्रांकडे धाडली. फीड सुरू केली, आणि ती पेपर टाकणाऱ्यासारखी असते असं समजावलं. एकदा मागून ठेवलं की नवीन पान आपोआप दारात. कोण मागतं ते कळतं का, त्याने विचारलं. नाही कळत, ती म्हणाली. मग तिने नावांचा विषय काढला. 'सासूचा पाय' असं कोण शोधणार? लोक लिहितात, कापड पुढे सरकत नाही. तीच नावं द्यायला हवीत. तो हट्टाला पेटला. नावं बदलली तर हे माझं आहे हे ओळखायचं कुणी, एवढंच म्हणत राहिला. लेकीनेच तोडगा काढला. एका पानाला दोन नावं देता येतात. माहेरचं राहू दे, जगात वावरायला सासरचं लावू.

हळूहळू माणसं येऊ लागली. 'घरजावई' फार चाललं. एका शिंपिणीने लिहिलं, मशीन चालू झालं, पण पान मोठ्याने वाचल्यापासून नवरा बोलत नाहीये. लेक हसून हसून बेजार. तो प्रत्येक पत्राच्या खाली आधी नाव बघे, मग मजकूर वाची.

विकीत वर शोधायची एक चौकट होती. तिथे कुणी काय शोधलं आणि काय मिळालं नाही, याची यादी लेक अधूनमधून वाचून दाखवी, म्हणजे पुढचं पान कशावर लिहायचं ते ठरे. एका सकाळी ती वाचत होती. मोटरचा पट्टा. तेल कुठलं. मध्येच थांबली.

"हे काय? 'दादाचं डोकं'. आपल्याकडे असं पान नाही."

तो एक बॉबिन भरत होता. बॉबिन भरून ओसंडली तरी त्याचा पाय थांबला नाही.

"बाबा, काय असतं हे?"

"दुखणं असतं."

"कुणाचं?"

 त्याने तिला बाजूला सरकायला सांगितलं आणि लिहायला बसला. फार वेळ लागला. ती मागे उभी राहून वाचत होती.

*गुंता खाली दिसतो, म्हणून सगळे खालच्या बॉबिनला दोष देतात. बॉबिन निर्दोष असते. चूक वर असते. वरचा दोरा त्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत बसलेलाच नसतो. मशीनचा कापड दाबणारा पाय खाली ठेवून ओवला, की तो बसत नाही. आधी पाय उचलावा. मग पुन्हा पहिल्यापासून ओवावं.*

एवढंच. खाली त्याने दुकानाचा नंबर घातला. नंबर तोच होता, पहिल्यापासूनचा.

 लेकीने हळूच विचारलं, "याला सासरचं नाव काय लावू?"

"नको. याला एकच असू दे."

तिने बटण दाबलं. गेलं का, त्याने विचारलं. गेलं.

"कुठे?"

"ज्यांनी मागितलंय त्यांच्याकडे."

"मागितलंय," तो म्हणाला. उठायचं होतं. उठताना तो थांबला, आणि लेकीला वाटलं की तिनेच सरकायला हवं, म्हणून ती सरकली.