नम्रतेची चढाओढ

दवाखान्यात नर्स म्हणून तीस वर्षं नोकरी झाली, पण तिथले किस्से मी कुणाला सांगत नाही. एक तर ते पोटातच ठेवायचे असतात. आणि दुसरं म्हणजे त्याच्या दुप्पट किस्से मला रविवारच्या दोन तासांत मिळतात! आजारी माणूस निदान आजार कबूल करून दारात येतो. आमच्या ढोकीच्या मंडळीत सगळे ठणठणीत तोंडानं येऊन बसतात, आणि मग एकेकाचा ताप बाहेर पडतो.

मंडळी म्हणजे आमचं छोटं चर्च. बावीस घरं, एक पत्र्याचा हॉल, एक हार्मोनियम. कारखान्याचा सीझन सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर डेकवर गाणी वाजवत बाहेरून जातात, तेव्हा पास्टरांचे नुसते ओठ हलताना दिसतात. मला सगळे 'सिस्टर' म्हणतात. माझं पाप गावाला माहीतच आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. माझी जीभ! ती माझ्या आधी बोलून मोकळी होते आणि मग मी तिच्या मागनं निस्तरत फिरते.

*

आमच्या हॉलमध्ये पहिली रांग कायम रिकामी. त्याचं असं झालं, पास्टर सुधाकरांनी एकदा शिकवलं की कुणाकडं जेवायला गेलं तर मानाच्या जागेवर बसू नये, शेवटची जागा धरावी. झालं! पुढच्या रविवारपासून सगळी मंडळी नम्र. सतरंजीच्या मागच्या टोकाला बायका-माणसं दाटीवाटीनं, आणि पुढं पास्टर एकटेच. उशिरा आलं तर पहिल्या रांगेत बसावं लागेल, या धाकानं कुणी उशिरा येईनासं झालं.

सगळ्यात नम्र आमचे याकोबअण्णा. कारखान्यातून रिटायर झालेले, मंडळीत वयानं मोठे, पांढरी मिशी, पांढरा शर्ट. त्यांची जागा दाराजवळच्या कोपऱ्यात, चपलांच्या शेजारी. ती मिळावी म्हणून अर्धा तास आधी यायचे. एका रविवारी लोहाऱ्याचा एक पाहुणा नेमका तिथंच येऊन बसला. बिचाऱ्याला काय माहीत? अण्णा समोर उभे राहून दोनदा खाकरले. पाहुणा अदबीनं म्हणाला, "अण्णा, तुमी मोठी माणसं. पुढं बसा की."

अण्णा कडाडले, "ऊठ! ह्या मंडळीत सगळ्यात खालची जागा कुणाची हाय, इचार कुणालाबी!"

पाहुणा उठला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला. पास्टरांना लई दिवसांनी समोर माणूस दिसला. सगळं प्रवचन त्यांनी त्याच्या एकट्याकडं बघून केलं. तो पाहुणा परत काही आला नाही.

*

अण्णांचाच आणखी एक. उपास धरायचा तर तोंड पाडून लोकांना दाखवत हिंडू नये, उलट डोक्याला तेल लावावं, तोंड धुवावं, हसत राहावं, अशी आम्हाला शिकवण आहे. अण्णांनी ती मनावर घेतली. एरवी त्यांच्या केसांना तेलाचा थेंब नाही. पण शुक्रवारी उपास असला की खोबरेल कपाळावरून ओघळायचं! एसटी स्टँडवरचे रहीमचाचा, चहाची गाडी त्यांची, त्यांनीसुद्धा ओळखलं. अण्णा लांबून दिसले की म्हणायचे, "आज तेल दिसतंय अण्णा. मंग चाय नको?"

अण्णा भडकले. उपास गुपित ठेवायचा आणि स्टँडभर बोभाटा! त्यांनी उपाय काढला. आता ते सातही दिवस तेल लावतात, म्हणजे उपासाचा वार कुणाला कळायला नको. मी विचारलं, "मग अण्णा, आता तरी बरोबर चाललंय ना?"

तोंड बारीक करून म्हणाले, "कसलं चाललंय सिस्टर! आता कुणी इचारतच न्हाय."

*

पास्टर सुधाकर तरणा माणूस, आणि खरंच चांगला. प्रवचन आवडलं असं सांगितलं की हात जोडून म्हणतात, "प्रभूचा गौरव, मी काहीच नाही." एकदा मी म्हटलं, "पास्टर, आजचं लई भारी झालं." "प्रभूचा गौरव!" "फक्त जरा लांबलं हो." लगेच घड्याळ बघून म्हणाले, "कुठं लांबलं? पंचेचाळीस मिनिटं तर बोललो! मागच्या पास्टरांचं दीड तास चालायचं, ते विसरलात?"

मी म्हटलं, "अहो, मी प्रभूला म्हणाले. तुम्ही कशाला चिडता?" दोन रविवार त्यांनी मला नीट नमस्कार केला नाही. जीभ, दुसरं काय.

*

दाविद ढोकी ते तेर वडापची, म्हणजे सीटं भरून नेणारी जीप चालवतो आणि रविवारी आमची हार्मोनियम वाजवतो. दिलदार माणूस. दर महिन्याला तो साक्ष द्यायला उभा राहतो. साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते चार लोकांपुढं सांगायचं. "प्रभूनं मला तंबाखूतून सोडवलं!" टाळ्या. पुढच्या महिन्यात परत, "प्रभूनं मला तंबाखूतून सोडवलं!" टाळ्या जरा कमी. सहाव्यांदा उभा राहिला, दोन्ही हात वर करून जोरात "हालेलुया!" म्हणाला, आणि शर्टाच्या खिशातून पुडी आणि चुन्याची डबी टपकन हार्मोनियमवर पडली.

पास्टरांनी चष्मा काढला. "अरे दाविद, प्रभूनं तुला सोडवायचं तरी किती वेळा?"

दाविद पुडीकडं बघत हळूच म्हणाला, "पास्टर, त्यो सोडवायला थकत न्हाय आन् मी धरायला थकत न्हाय. त्यात माझी काय साक्ष खोटी हाय का?"

तुम्हाला वाटेल सगळे हसले असतील. कुणी हसलं नाही. जो तो आपापला खिसा चाचपत होता. मी तोंडाला पदर लावून बसले.

*

आता पदर कशासाठी, तेही सांगते.

मार्था माझी धाकटी जाऊ. आम्ही दीड वर्ष एकमेकींशी बोलत नव्हतो, आणि चूक माझी होती. तिची आई तेरला वारली. मातीला सगळे गेलो. मार्था रडून रडून बेजार झालेली, बायका तिला धरून बसलेल्या, आणि मी, नर्सबाई, भरल्या घरात बोलले, "वेळेवर दवाखान्यात आणलं असतं तर म्हातारी आणखी चार वर्षं जगली असती." खरं असेल, पण त्या घरात त्या दिवशी कुणी मागितलं होतं का ते खरं? मार्थानं माझ्याकडं एकदाच बघितलं. त्या दिवसापासून तिनं मला 'ताई' म्हणणं सोडलं.

आणि माझं प्रभुभोजन सुटलं. आमच्याकडं नियम कडक आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि प्याला फिरतो, पण ज्याचं कुणाशी वाकडं आहे त्यानं आधी ते मिटवायचं, मगच हात पुढं करायचा. दीड वर्ष ते ताट माझ्यासमोरून गेलं आणि मी हात मांडीवर दाबून बसले. लई लागायचं मनाला. घरी येऊन रडायचे. पण माफी मागायला उठावं म्हटलं की नेमके गुडघे दुखायचे! आमचे हे आणि दीर एका मोटारसायकलवर चर्चला यायचे, आणि आम्ही दोघी जावा दोन रिक्षांनी.

*

ताट फिरायच्या आधी पास्टर पाच मिनिटं थांबतात, मिटवामिटवीसाठी. त्या पाच मिनिटांत काय काय होतं! एकदा मी मार्थाकडं जावं की नाही, अशा विचारात बसलेले, तेवढ्यात याकोबअण्णा माझ्यापुढं येऊन हात जोडून उभे.

"सिस्टर, मला माफ करा. तुमच्याबद्दल मनात वाईट इचार आला हुता."

मला माहीतच नव्हतं. म्हटलं, "कसला विचार?"

"आधी माफ केलं म्हणा."

"आधी विचार सांगा!"

"मनात म्हणलो हुतो की ही बाई लई तोंडाळ हाय."

"मनात? अण्णा, रहीमचाचांच्या गाडीवर चार माणसांत म्हणालात तुम्ही! चाचांनीच मला सांगितलं!"

अण्णांचं तेल लावलेलं कपाळ लाल झालं. "मंग मला आता चाचालाबी माफ करावं लागंल," म्हणाले. आम्ही दोघं इतके जोरात बोलत होतो की पास्टरांनी पाचाची आठ मिनिटं केली. त्यात माझं मार्थाकडं जाणं राहिलं ते राहिलंच.

*

बायकांच्या प्रार्थनेला बुधवारी आम्ही गोल करून बसतो. डोळे मिटून एकेकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची. आता डोळे मिटल्यावर माणूस किती धीट होतं बघा. माझी पाळी आली. मी आवाज मऊ करून म्हणाले, "हे प्रभू, माझ्या धाकट्या जावेचं मन लई कठीण झालंय. ते तू मऊ कर."

दोघी-तिघी पुटपुटल्या, "आमेन."

चार जणी सोडून मार्था होती. तिची पाळी आली. तीही तितक्याच मऊ आवाजात, "हे प्रभू, माझ्या थोरल्या जावेची जीभ तू आवर."

"आमेन!" सगळ्या बायका एका सुरात. पास्टरांच्या मिसेस तर दोनदा म्हणाल्या! मी एक डोळा उघडून बघितलं, तर मार्थाचा पण एक डोळा उघडा. दोघींनी पटकन मिटून घेतले.

*

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, आम्ही एकमेकांचे पाय धुतो. प्रभूनं शिष्यांचे धुतले होते, म्हणून. पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे. कुणी कुणाचे धुवायचे त्याच्या चिठ्ठ्या निघतात. आता दुसऱ्याला आपले मळके पाय कसे द्यायचे? म्हणून सगळे घरूनच दगडानं घासून, साबण लावून येतात. अण्णा तर पायांनाही तेल लावून! नम्रतेचा विधी सुरू व्हायच्या आधीच धुवायला काही उरत नाही. घमेल्यातलं पाणी शेवटपर्यंत पिण्यासारखं राहतं.

यंदा मी चिठ्ठी उघडली. मार्था.

चिठ्ठ्या पास्टरांच्या मिसेसनी लिहिल्या होत्या. त्यांच्याकडं बघितलं तर त्या गाण्याच्या पुस्तकात तोंड खुपसून बसलेल्या.

मला वाटलं, ठीक आहे, आता सुटका नाही. मनात वाक्य जुळवलं. 'मार्था, त्या दिवशी मी जे बोलले त्याबद्दल मला क्षमा कर.' चांगलं वाक्य होतं. तीन-चार वेळा घोकलं. गुडघे मोडून खाली बसले. सगळ्या मंडळीचे कान आमच्याकडं. अण्णा कोपऱ्यातली जागा सोडून चार हात पुढं सरकलेले. मार्थानं माझ्याकडं न बघता उजवा पाय घमेल्यात ठेवला.

मी पाय हातात घेतला. तळव्यावरून बोट फिरवलं आणि थांबले. अंगठ्याच्या खाली हळद थापलेली. हळद धुतली, तर खाली रुपयाएवढी जखम! कडा पांढऱ्या पडलेल्या, चांगली खोल.

"हे काय गं?"

"भेग हाय. दुखत न्हाय."

"दुखत नाही?" मी जखमेच्या कडेला दाबलं. तिला काही समजलंच नाही. घोकलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं आणि मी चर्चमध्ये, पवित्र गुरुवारी, वॉर्डात ओरडावं तशी ओरडले, "अगं, दुखत नाही म्हणूनच तर घोर आहे! शुगर आहे ना तुला? शेवटची कधी तपासलीस? गोळ्या घेतेस का बंद केल्यास? पाय घालवायचाय का? वेळेवर दवाखान्यात यायला काय झालं होतं तुला?"

वेळेवर. शब्द तोंडातून गेला आणि मलाच ऐकू आला. हार्मोनियम वाजवणारा दाविदसुद्धा थांबला.

मार्था दीड वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "दवाखान्यात तुमी असता की. कशी येऊ?"

तीस वर्षांत माझी जीभ पहिल्यांदा अडकली. तिचा पाय तसाच हातात, डोळ्यांतलं पाणी घमेल्यात पडतंय. कसंबसं म्हणाले, "मार्थे, तुझ्या आईच्या मातीला मी..."

"असू द्या आता ते," ती म्हणाली. डोळे पुसले, जरा सरकून नीट बसली, आणि डावा पाय घमेल्यात ठेवला.

"ताई, ह्यो बी बघा. आन् ह्याच्यावर बी वरडा, मागं ठिवू नका."